चौसष्ट घरांच्या संख्येचे अंतरंग

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली असते. खेळ शोधून काढणाऱ्यावर राजा खूश होतो आणि हवे ते माग म्हणतो. तो पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा मागतो, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, आणि असेच दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायला सांगतो. राजाला मागणी क्षुल्लक वाटते, पण कोठारे रिती झाली तरी ती पुरी होत नाही. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने आपल्या चरित्रकोशात ही कथा नोंदवली आहे. त्याच्या दोन-अडीच शतके आधी अल्-बिरुनीने पटावरच्या सगळ्या दाण्यांची बेरीज अचूक काढून ठेवली होती. ती अशी:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंकी संख्या. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत आणि ती ‘परार्ध’ या नावाशी थांबतात. ही बेरीज त्या शेवटच्या नावाच्याही पुढे जाते: १८४ परार्ध आणि वर उरलेले. हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरले, तर हा गहू ७३,००० कोटी टनांच्या वर भरतो. जगात आज वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे राजाला साऱ्या पृथ्वीचे पीक नऊशेहून जास्त वर्षे त्या एका माणसाच्या दारात ओतावे लागले असते.

गोष्ट इथे थांबते याचे मला नेहमी वाईट वाटते. ऐकणारा ‘केवढी मोठी!’ म्हणतो आणि पुढे जातो. पण मोठेपणा हा या संख्येचा सगळ्यांत सामान्य गुण आहे. हिच्यापेक्षा मोठी संख्या कुणालाही एक मिळवून करता येते. हिच्या पोटात काय आहे ते बघितले की मात्र फर्मा, ऑयलर, गाउस, पिंगल आणि भास्कराचार्य अशी सगळी मंडळी तिथे भेटतात, आणि तेही कुणी ओढूनताणून आणल्याशिवाय.

आधी बेरीज. चौसष्ट आकडे एकाखाली एक मांडून बेरीज करायची गरज नाही. समजा, राजाकडून एक दाणा जादा घेतला. पहिल्या घरातला एक आणि हा एक मिळून दोन झाले. दुसऱ्या घरात दोन आहेतच, ते मिळवले की चार. तिसऱ्यातले चार मिळवले की आठ. प्रत्येक घराशी आतापर्यंतचा ढीग त्या घरातल्या दाण्यांइतकाच असतो, म्हणून तो प्रत्येक वेळी बरोबर दुप्पट होतो. चौसष्ट घरे संपली की ढीग दोनाच्या ६४व्या घाताइतका होतो. जादा घेतलेला दाणा परत केला की उरते दोनाचा ६४वा घात वजा एक. शेवटच्या एकट्या घरात आधीच्या त्रेसष्ट घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा एक दाणा जास्त असतो, हेही यातूनच कळते.

मग दोनाचा ६४वा घात काढायचा कसा? त्रेसष्ट वेळा दुप्पट करायला कंटाळा येईल आणि हातून चूकही होईल. छंदःशास्त्राच्या पिंगलाने याची युक्ती फार पूर्वी सांगितली आहे. त्याला प्रश्न पडला होता तो वृत्तांचा. एका चरणात इतकी अक्षरे असतील आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असेल, तर एकूण प्रकार किती? उत्तर अर्थातच दोनाचा घात. तो काढण्यासाठी अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करायची, विषम असेल तर एक वजा करायचा, असे करत शून्यापर्यंत जायचे. मग उलट वाटेने परत यायचे: जिथे निम्मे केले तिथे वर्ग, जिथे एक वजा केला तिथे दुप्पट. ६४ ही संख्या या रीतीला फारच सोयीची आहे, कारण ती शेवटपर्यंत निम्मी होत जाते. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजे आपली संख्या अधिक एक. अवघे सहा वर्ग. अल्-बिरुनीची रीतही अशाच वर्गांची आहे. हे सहा वर्ग लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांचाच उपयोग होणार आहे.

‘लीलावती’त, म्हणजे ११५०च्या सुमारास, भास्कराचार्य हीच रीत श्रेढीव्यवहारात वापरतात आणि एक उदाहरण देतात. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे वचन देतो. एका महिन्यात तो किती निष्क देईल? तीस दिवस. तीस निम्मे पंधरा, एक वजा चौदा, निम्मे सात, एक वजा सहा, निम्मे तीन, एक वजा दोन, निम्मे एक, एक वजा शून्य. आता उलट यायचे: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणले की उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. या कोष्टकाने हिशेब होतो १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. मी हा भागाकार कागदावर करून पाहिला आहे. दोनशे चौदा कोटींचा हिशेब शेवटी सहा कवड्यांवर नेमका येऊन टेकतो तेव्हा फार समाधान वाटते.

त्या कवड्यांच्या संख्येत फक्त एक मिळवला की होते २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोनाचा ३१वा घात वजा एक. ही मूळ संख्या आहे हे १७७२ साली ऑयलरने दाखवले, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. आणि हीच संख्या आजच्या जुन्या घडणीच्या संगणकांची मर्यादा आहे. १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजणारी त्यांची ३२ बिटांची घड्याळे यापुढे मोजू शकत नाहीत. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती या संख्येवर पोचतील. त्याच्या आधीच्या सेकंदाला त्यांच्यात बरोबर भास्कराचार्यांचे उत्तर असेल. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्या मठात बसून कवड्यांचे हे उदाहरण सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाटीवर हे उत्तर नक्कीच उमटले असणार.

आता पटाच्या संख्येच्या आत शिरू. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणे ही साधारणपणे जिकिरीची गोष्ट. शेवटी ५ आहे, म्हणून पाचाने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून तिनानेही जातो, नवाने जात नाही. यापुढे शाळेतल्या कसोट्या फारशा कामाला येत नाहीत. पण शाळेतलेच एक सूत्र येते: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. दोनाचा ६४वा घात हा दोनाच्या ३२व्या घाताचा वर्ग आहे, आणि एक हा एकाचा वर्ग आहेच. म्हणून आपली संख्या म्हणजे दोनाचा ३२वा घात अधिक एक, गुणिले दोनाचा ३२वा घात वजा एक. यातला ‘वजा एक’वाला भाग पुन्हा तसाच फुटतो: १६वा घात अधिक एक, गुणिले १६वा घात वजा एक. तोही पुन्हा फुटतो. शेवटी उरते दोन वजा एक, म्हणजे एक. जमवलेले ‘अधिक एक’वाले अवयव एका ओळीत मांडले की दिसते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

हे आपल्या ओळखीचे आहेत. संख्या बांधताना दोनापासून सुरू करून जे वर्ग येत गेले, त्या २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६ या प्रत्येकात एक मिळवून हे अवयव झाले आहेत. ज्या पायऱ्यांनी आपण वर चढलो त्याच तिच्या आत बसलेल्या आहेत. पडताळाही सोपा आहे: ३ × ५ = १५, गुणिले १७ = २५५, गुणिले २५७ = ६५,५३५. प्रत्येक वेळी उत्तर पुढच्या वर्गाला एकाने कमी पडते.

३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. सहावी काय आहे, हा प्रश्न सुमारे नव्वद वर्षे पडून होता. १६४०च्या सुमारास फर्माने पत्रांतून लिहिले की असेच वर्ग करून एक मिळवत गेले तर होणाऱ्या या साखळीतली प्रत्येक संख्या मूळच असणार. सिद्धता आपल्याकडे नाही हे तो कबूल करत होता, पण त्याची खात्री पक्की होती. फर्माचा अंदाज चुकत नाही असा त्याचा लौकिक, आणि ४२९ कोटींच्या संख्येला हाताने भाग घालत बसणार कोण? १७२९च्या डिसेंबरात मॉस्कोहून गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्राच्या ताज्या कलमात विचारले की फर्माचे हे म्हणणे तुला ठाऊक आहे का. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. आधी त्याने फारसे मनावर घेतले नाही. पण १७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने दाखवून दिले की ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ने पूर्ण भाग जातो आणि उत्तर येते ६७,००,४१७.

ऑयलर ६४१पर्यंत चाचपडत पोचला नाही. या संख्येला भागणारी कुठलीही मूळ संख्या ६४च्या पटीत एक मिळवून झालेलीच असावी लागते, हे त्याने हेरले होते आणि पुढे सिद्धही केले. म्हणजे ६५, १२९, १९३, २५७, ३२१ अशी यादी. त्यातल्या मूळ नसलेल्या गाळल्या की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात फर्माचा अंदाज खोटा ठरला. पुढे एदुआर लुकासने १८७८ साली ६४च्या जागी १२८ची पट चालते हे दाखवले. तेव्हा यादीत ६४१च्या आधी एकटा २५७ उरतो.

भागाकार न करताही ६४१ची गोष्ट पटते, आणि ती इतकी देखणी आहे की वगळवत नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ५ × १२८ + १. दुसरी, ६२५ + १६, म्हणजे पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. पहिल्या तऱ्हेतून कळते की ५ गुणिले दोनाचा सातवा घात ही संख्या ६४१च्या पटीला एकाने कमी आहे. म्हणजे तिची बाकी उणे एक. तिचा चौथा घात घेतला की बाकी होते अधिक एक. हा चौथा घात म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा २८वा घात. आता दुसरी तऱ्हा सांगते की पाचाच्या चौथ्या घाताची बाकी उणे सोळा, म्हणजे उणे दोनाचा चौथा घात. ती त्या जागी ठेवली की उणे दोनाच्या ३२व्या घाताची बाकी एक येते. याचाच अर्थ दोनाचा ३२वा घात अधिक एक ही ६४१ची पट आहे. पेन्सिलीने चार ओळींत हे होते, पण त्या चार ओळी सुचायला कुणीतरी ६४१कडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागले.

तर आता आपल्या संख्येचे पूर्ण अवयव असे:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. म्हणून तिचे एकूण विभाजक होतात दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८. राजाच्या कोठारात तेवढा गहू खरोखर असता, तर तो १२८ वेगवेगळ्या आकड्यांच्या समान ढिगांत एकही दाणा न उरवता वाटता आला असता.

सातांपैकी ६४१ आणि ६७,००,४१७ बाजूला ठेवले, तर उरलेल्या पाचांची कहाणी निराळीच आहे. नुसती पट्टी आणि कंपास वापरून समभुज त्रिकोण काढता येतो, सुसम पंचकोनही काढता येतो. युक्लिडच्या काळापासून गाडी इथेच अडली होती. ३० मार्च १७९६ रोजी गाउसने सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे शोधले. त्याला एकोणीस पुरे व्हायला अजून महिना होता. त्या दिवसाची नोंद हीच त्याच्या गणिती रोजनिशीतली पहिली नोंद आहे. साखळीतल्या मूळ संख्या आणि त्यांचे परस्पर गुणाकार एवढ्याच विषम बाजूंच्या सुसम आकृती पट्टी-कंपासने निघतात, असे त्याच्या १८०१च्या ग्रंथात आले. याखेरीज दुसऱ्या निघूच शकत नाहीत हे १८३७मध्ये वांट्झेलने पक्के केले. पाच मूळ संख्यांपासून असे गुणाकार एकूण ३१ होतात. आज माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी विषम आकृती ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. ती म्हणजे पटाच्या पहिल्या ३२ घरांतल्या दाण्यांची बेरीज, पटाचा बरोबर अर्धा भाग. ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहायला योहान हेर्मेसने दहा वर्षे घातली. १८९४ साली पुरे झालेले त्याचे हस्तलिखित ग्योटिंगेनच्या विद्यापीठात जपून ठेवलेले आहे.

या ३१ संख्या आपल्याकडच्या मेरुप्रस्तारात एका ओळीने सापडतात हे मला कळले तेव्हा मी तो प्रस्तार पुन्हा मांडून पाहिल्याशिवाय राहू शकलो नाही. पिंगलाच्या सूत्रावर दहाव्या शतकात हलायुधाने केलेल्या टीकेत हा प्रस्तार समजावून सांगितला आहे. वर एक, त्याखाली एक-एक, त्याखाली एक-दोन-एक, मग एक-तीन-तीन-एक. प्रत्येक आकडा म्हणजे डोक्यावरच्या दोन आकड्यांची बेरीज. आता विषम आकड्याच्या जागी १ लिहा आणि सम आकड्याच्या जागी ०. ओळी होतात १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११. या द्विमान पद्धतीतल्या संख्या समजून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१. पुढच्या ओळी देतात ८५, २५५, २५७. पहिल्या बत्तीस ओळींत एक सोडून येणाऱ्या सगळ्या संख्या म्हणजे गाउसच्या त्या ३१ आकृतींच्या बाजू, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. तेहेतिसाव्या ओळीपासून ४,२९,४९,६७,२९७ ही फसवी संख्या गुणाकारात शिरते आणि आकृतींशी असलेले नाते तुटते. पण प्रस्तार थांबत नाही. चौसष्टाव्या ओळीत चौसष्ट आकडे असतात आणि ते सगळेच्या सगळे विषम. त्या ओळीत चौसष्ट एक मिळतात, आणि द्विमान पद्धतीत चौसष्ट एक म्हणजे पटावरच्या दाण्यांची बेरीज.

संगणकाला ही संख्या याच रूपात ठाऊक आहे. ६४ बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच. तीत एक मिळवला की सगळे बिट शून्य होतात. तिचे सात अवयवही तिथे उपयोगी पडतात. ६४ बिटांच्या ‘शिफ्ट रजिस्टर’मधून यादृच्छिक भासणारी बिटांची माळ काढतात. ती माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी जास्तीत जास्त आपल्या संख्येइतक्या पायऱ्या जाऊ शकते. एखादी रचना खरोखर तेवढी लांब जाते का, हे एकेक पायरी मोजून पाहणे अशक्य. पण फेरा आपल्या संख्येच्या कुठल्या तरी विभाजकाइतकाच असतो एवढे ठाऊक असले, की सात मूळ अवयवांसाठी सात चाचण्या केल्या की काम भागते.

लुकासचे नाव वर आले, त्याचाही पटाच्या संख्येशी आणखी एक धागा आहे. १८८३ साली त्याने एन. क्लॉस या टोपणनावाने ‘हनोईचा मनोरा’ हा खेळ बाजारात आणला. तीन खुंट्या, उतरत्या आकाराच्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही. खेळाभोवती फ्रान्समध्ये एक कथा रचली गेली की काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ चकत्यांचा असा मनोरा आहे आणि तो हलवून झाला की जगाचा अंत होईल. काशीत असे काही नाही. ती कल्पना सर्वस्वी फ्रेंच. पण हिशेब खरा आहे. शेवटची चकती हलवण्याआधी वरच्या सगळ्या दुसरीकडे न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात, म्हणून प्रत्येक नव्या चकतीला आधीच्या चालींची दुप्पट अधिक एक. ६४ चकत्यांना पटावरच्या दाण्यांइतक्या चाली. सेकंदाला एक चाल धरली तर ५८,००० कोटींहून जास्त वर्षे. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

आता आपल्या संख्येच्या शेजाऱ्यांकडे बघू. शेवट ६१५ ऐवजी ६१६ केला की दोनाचा ६४वा घात, ज्यात दोनाशिवाय कुठलाही मूळ अवयव नाही. ६१७ केला की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७, म्हणजे फर्माच्या साखळीतली सातवी संख्या. ६१५चे अवयव शाळेतल्या सूत्राने पडले. ६१७ला ते सूत्र लागत नाही, कारण इथे वजाबाकी नसून बेरीज आहे. शेजारच्या संख्येचे अवयव उसनेही घेता येत नाहीत. दोघींना भागणारी संख्या त्यांच्यातल्या फरकालाही भागली पाहिजे. फरक आहे दोन, आणि दोन्ही संख्या विषम. म्हणून दोघींत एकही अवयव सामाईक असू शकत नाही. साखळीतल्या कोणत्याही दोन संख्यांना हेच लागू आहे. १७३०मध्ये गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्रात ते आले आहे, आणि त्यातून मूळ संख्या अनंत आहेत याची एक सुबक सिद्धता मिळते: साखळीची प्रत्येक कडी निदान एक तरी नवी मूळ संख्या घेऊन येते, आणि साखळीला अंत नाही.

सातव्या कडीने मात्र ऑयलरनंतर शतकाहून जास्त काळ दाद दिली नाही. थॉमस क्लॉसेनने १ जानेवारी १८५५ रोजी गाउसला लिहिलेल्या पत्रात तिचे दोन अवयव कळवले. गाउस त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच वारला आणि ते पत्र बराच काळ कुणाच्या नजरेत आले नाही. १८८० साली फॉर्च्युने लांद्रीने ब्याऐंशीव्या वर्षी तेच अवयव स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केले: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. दोन्ही मूळ. पहिला अवयव सहा अंकी असूनही नुसत्या हाताने शोधायला एवढा काळ लागला, यावरून शेजारणीचा सुटसुटीतपणा किती दुर्मिळ आहे ते कळते.

साखळीचे पुढचे दुवे काही हाताने आणि बरेचसे संगणकांनी तपासले गेले. सहाव्या संख्येपासून तेहेतिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त निघाल्या. फर्माला मूळ वाटलेल्या साखळीत पहिल्या पाचांनंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही, आणि यापुढे एकही नाही हेही कुणाला सिद्ध करता आलेले नाही. अडलेली पहिली कडी आहे चौतिसावी. ती नुसती लिहून काढायची म्हटली तरी अडीचशे कोटींहून जास्त अंक लागतात. तिला भागणारी मूळ संख्या दोनाच्या ३५व्या घाताच्या पटीत एक मिळवूनच झालेली असणार, एवढे लुकासच्या नियमाने पक्के आहे. त्या यादीतून तिचा ६४१ शोधण्याचे काम जगभरातले हौशी आणि अभ्यासक अजून करत आहेत.